प्रशिक्षक जातो, नववा क्रमांक राहतो

२७ सप्टेंबर २०२४ च्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर एफसी गोवाने ईस्ट बंगाल या तिथल्याच फुटबॉल क्लबला ३-२ असं हरवलं. गोव्याचे तिन्ही गोल बोर्हा हेर्रेराचे. हा हेर्रेरा त्याच वर्षीच्या जानेवारीपर्यंत ईस्ट बंगालच्या लाल-सोनेरी जर्सीत खेळत होता. इंडियन सुपर लीग या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या नव्या हंगामातला ईस्ट बंगालचा हा सलग तिसरा पराभव होता आणि प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात यांना घालवा, ही मागणी आता थोपवण्यासारखी राहिली नव्हती. तीन दिवसांनी क्वाद्रात यांनी पद सोडलं. याच माणसाने आठ महिन्यांपूर्वी, २८ जानेवारी २०२४ ला भुवनेश्वरमध्ये ओडिशा एफसीला हरवून सुपर कप जिंकून दिला होता. क्लबला राष्ट्रीय पातळीवरचा चषक बारा वर्षांनी मिळाला होता.

तेव्हापासून मी एकच वाद पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. ईस्ट बंगालबद्दल ऐकतो, मँचेस्टर युनायटेडबद्दल ऐकतो, आपल्याकडे फुटबॉल पाहणारे चार लोक जमले की तिथेही ऐकतो. एक बाजू म्हणते, हाकला. दुसरी म्हणते, वेळ द्या. पहिलीला दुसरी भाबडी वाटते, दुसरीला पहिली उतावळी. माझं म्हणणं असं आहे की दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. चाहत्यांचा राग शंभर टक्के रास्त आहे, तो त्यांनी गिळू नये. पण तो राग ज्या दारावर जाऊन धडकतो, ते दार क्लब चालवणाऱ्यांनी त्याच्यासाठीच उघडं ठेवलेलं असतं. प्रशिक्षक त्या दारातून बाहेर जातो, गर्दी शांत होते आणि आतल्या खोलीतली माणसं जागची हलत नाहीत.

आधी आकडे पाहू. ईस्ट बंगाल २०२० मध्ये सुपर लीगमध्ये आला. पहिल्या हंगामात लिव्हरपूलचा जुना गोलवीर रॉबी फाउलर प्रशिक्षक होता, क्रमांक नववा. दुसऱ्या हंगामात रेआल माद्रिदच्या दुसऱ्या संघाला शिकवून आलेले मानोलो डियाझ आले, मध्यातच गेले, मग मारिओ रिव्हेरा आले. क्रमांक अकरावा, म्हणजे शेवटचा. वीस सामन्यांत एकच विजय, तोही गोव्याविरुद्ध. तिसऱ्या हंगामात भारताला २०१९ च्या आशियाई चषकापर्यंत नेणारे स्टीफन कॉन्स्टंटाइन होते, क्रमांक नववा. चौथ्यात क्वाद्रात, ज्यांनी २०१९ मध्ये बेंगळुरूला ही लीग जिंकून दिली होती, नववा. पाचव्यात क्वाद्रात गेले, ऑस्कर ब्रुझॉन आले, पुन्हा नववा. इंग्रज, स्पॅनिश, तरुण, अनुभवी, आक्रमक, बचावात्मक, सगळे प्रकार वापरून झाले. या पाच हंगामांत सहा मुख्य प्रशिक्षक बदलूनही गाडी एकदाही नवव्याच्या वर आली नाही, तर दोष सहाही ड्रायव्हरांचा कसा? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आपण घरात म्हणतो. इथे तर पखालीला सहा इंजेक्शनं देऊन झाली होती.

आता म्हशीकडे वळू. २०२० मध्ये श्री सिमेंट कंपनी गुंतवणूकदार म्हणून आली ती सप्टेंबरच्या सुरुवातीला, लीगमधला प्रवेश जाहीर झाला सप्टेंबरच्या शेवटी आणि २७ नोव्हेंबरला पहिलाच सामना शहरातल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याशी, मोहन बागानशी. करोनामुळे सगळी लीग गोव्यात, बंद स्टेडियममध्ये. दोन महिन्यांत संघ उभा करायचा, परदेशी खेळाडू शोधायचे आणि थेट डर्बी खेळायची. पुढच्या वर्षी कंपनी आणि क्लबचे पदाधिकारी यांच्यात अंतिम करारावरून इतकं फाटलं की संघ लीगमध्ये उतरणार की नाही, हेच ऑगस्टच्या शेवटापर्यंत ठरत नव्हतं. मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी मध्यस्थी केली तेव्हा कुठे एक हंगाम निभावला. कंपनी गेली. त्यानंतर इमामी समूह आला. करारावर सह्या झाल्या २ ऑगस्ट २०२२ ला. इतर क्लबांनी तोवर आपले खेळाडू कधीच पक्के केले होते. सलग तीन वर्षं प्रशिक्षकाच्या हाती जे पडलं ते बाजार उठल्यावर मंडईत उरलेलं होतं. आणि ज्या वर्षी पहिल्यांदा तयारीला पुरेसा वेळ मिळाला, म्हणजे २०२३ मध्ये, त्याच हंगामात काय घडलं? मोहन बागानविरुद्धच्या सलग आठ पराभवांची साखळी तुटली, ड्युरँड कपची अंतिम फेरी गाठली आणि जानेवारीत सुपर कप आला. हा योगायोग होता असं मानायला मी तयार नाही.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, आणि तो मी टाळणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात क्लबने हात आखडता घेतला नव्हता. आदल्या हंगामात लीगचा सर्वाधिक गोल करणारा दिमित्रिओस दिआमांताकोस आणला, सर्वाधिक गोलसाहाय्य करणारा मादिह तलाल आणला, थेट मोहन बागानच्या संघातला अन्वर अली आणला. कागदावर हा संघ पहिल्या सहांतला होता. तरीही ऑगस्टमध्ये तुर्कमेनिस्तानच्या आल्टिन आसिरकडून घरच्या मैदानावर हार, ड्युरँडमध्ये शिलाँग लाजाँगकडून हार, मग लीगमध्ये तीन हारी. बचाव फाटत होता आणि महिनाभर तो शिवला गेला नाही. याची जबाबदारी प्रशिक्षकाची नाही तर कुणाची? सामान इतकं चांगलं असताना स्वयंपाक करपला तर आचाऱ्याला बोलायचं नाही का? बोलायचं, नक्की बोलायचं. क्वाद्रात यांच्यावर टीका करणारे चाहते मूर्ख नव्हते. ते डोळे उघडे ठेवून सामना पाहत होते.

दुसरा मुद्दा याहूनही अवघड आहे. हकालपट्टीने कधीकधी खरंच काम होतं, आणि उदाहरण शोधायला मैदान ओलांडून पलीकडे गेलं की पुरे. मोहन बागानने जानेवारी २०२४ मध्ये, सलग पराभवांनंतर, आदल्याच वर्षी लीग जिंकून देणाऱ्या हुआन फेर्रांदोंना काढलं आणि अंतोनिओ लोपेझ हाबास यांना आणलं. एप्रिलमध्ये त्याच संघाने मुंबई सिटीला हरवून लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याचा मान, उचललं. तिकडे युरोपात चेल्सीने हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलून २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. मग ‘धीर धरा’ म्हणणाऱ्यांनी कोणत्या तोंडाने धीर धरायला सांगायचं?

पण हीच उदाहरणं उलटून पाहा. मोहन बागानमध्ये फेर्रांदो गेले तेव्हा बाकीचं सगळं जागेवर होतं. गुंतवणूकदार तोच, खेळाडू निवडणारी यंत्रणा तीच, करार लांब मुदतीचे, संघाचा कणा शाबूत. चालू इंजिनाचा चालक बदलला, एवढंच. चेल्सीचंही तसंच. ईस्ट बंगालमध्ये चालक बदलताना रूळही बदलत होते. आणि हाबास यांचं नाव आपल्या पुण्याच्या लोकांनी तर विसरू नये. याच माणसाने २०१४ मध्ये कोलकात्याला पहिली सुपर लीग जिंकून दिली आणि २०१६ मध्ये हाच माणूस एफसी पुणे सिटीचा प्रशिक्षक होता. पुण्याचा संघ त्या वर्षी आठांत सहावा आला. दोन वर्षांत हाबास फुटबॉल विसरले होते का?

असाच एक दाखला गोव्याचा. आर्मांदो कुलासो यांनी दशकभराहून अधिक काळ डेंपो हा गोव्याचा क्लब सांभाळला आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. भारतीय प्रशिक्षकांत हा विक्रम साधा नाही. २०१३ च्या अखेरीस ते ईस्ट बंगालमध्ये गेले, त्या हंगामात संघाला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, दुसऱ्या क्रमांकावर आणलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये, जेमतेम सव्वा वर्षात, बाहेर पडले. डेंपोमध्ये त्यांच्यामागे एक घर उभं होतं. खेळाडू कोण, पगार कधी, पुढच्या वर्षी काय, हे ठरलेलं असायचं. मला या एका तुलनेतून जे समजतं ते दहा तज्ज्ञांच्या विश्लेषणातून समजत नाही. प्रशिक्षकाची कुवत नुसती त्याच्या सामानातून येत नाही, ती तो ज्या घरात उतरतो त्या घरातही असते.

‘वेळ द्या’वाल्यांना हे सगळं ऐकून आनंद होत असेल, तर त्यांनाही दोन शब्द. त्यांचं हुकमाचं पान ठरलेलं असतं: अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडमध्ये आले, तीन वर्षं हाती काही लागलं नाही, सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून ५-१ असा मार खाल्ला, डिसेंबरमध्ये स्टेडियमवर त्यांना निरोप देणारा फलक झळकला. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅमला मार्क रॉबिन्सचा तो गोल झाला, त्या वर्षी एफए कप आला आणि पुढे तेरा लीग विजेतेपदं. गोष्ट खरी आहे. पण तिचा अर्थ ‘थांबला तो जिंकला’ असा लावणं म्हणजे लॉटरी लागलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून सगळ्यांना तिकीट विकणं आहे. ज्यांना वेळ दिला आणि तरीही काही झालं नाही, अशांची यादी कुणी पाठ करत नाही. शिवाय फर्ग्युसन यांना त्या तीन वर्षांत नुसते दिवस मिळाले नव्हते, अधिकार मिळाला होता. खेळाडू कुठून शोधायचे, पोरांना कसं घडवायचं, हे सगळं त्यांनी मुळापासून नव्याने मांडलं. १९९२ मध्ये युनायटेडच्या पोरांनी युवा गटाचा एफए कप जिंकला तो त्या मशागतीतून. याच क्लबने २०१३ मध्ये डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढलं. कागदावर वेळ सहा वर्षांचा होता. मग ‘वेळ’ म्हणजे नेमकं काय? ज्याच्या हाती निर्णय नाही, त्याला दिलेला वेळ ही मुदतवाढ असते, दुसरं काही नाही.

या बाजूची आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. ती चाहत्याला गप्प बसायला सांगते. खरा चाहता पडत्या काळात पाठीशी उभा राहतो, म्हणे. ईस्ट बंगालच्या माणसाला हे सांगायचं? हा क्लब जन्मालाच आला तो संघनिवडीवरच्या संतापातून. जुलै १९२० मध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बसू या खेळाडूला वगळलं, उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरींनी जाब विचारला, उत्तर मिळालं नाही, ते बाहेर पडले आणि १ ऑगस्टला नवा क्लब उभा राहिला. पुढे फाळणीत घरदार पद्मेपलीकडे सोडून आलेल्या लाखो लोकांना या शहरात आपलं म्हणायला जे थोडं होतं, त्यात हा क्लब होता. त्याची खूण पेटती मशाल आहे. हाती मशाल देऊन माणसाला ‘आवाज करू नको’ म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरच्या अत्याचार आणि हत्येनंतर कोलकाता डर्बी रद्द झाली, तेव्हा ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहमेडनचे चाहते एकत्र सॉल्ट लेकबाहेर रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. या लोकांना राग कसा व्यक्त करायचा हे कुणी शिकवायची गरज नाही.

त्यांनी तो योग्य ठिकाणी नेलेलाही आहे. २१ जुलै २०२१ ला कोलकात्याच्या ‘मैदान’ भागात, क्लबच्या तंबूबाहेर, म्हणजे कार्यालयाबाहेर ते जमले होते ते प्रशिक्षकाविरुद्ध नव्हे. करारावर सही का होत नाही, संघ खेळणार की नाही, हे विचारायला जमले होते. तिथेही लाठीमार झाला, अनेकांना पोलिसांनी उचललं. त्या दिवशी चाहत्यांतही दोन तट होते: एक म्हणत होता सही करा आणि खेळा, दुसरा म्हणत होता शंभर वर्षांचा क्लब कंपनीच्या हवाली करू नका. मला दोन्ही तटांची तळमळ समजते. आणि इथेच माझ्या स्वतःच्या बाजूची एक कमजोरी कबूल केली पाहिजे. मालक वाईट आणि सभासदांचा क्लब चांगला, असं सोपं समीकरण मांडता येत नाही. २०२१ चा तो गुंता पदाधिकाऱ्यांच्या हट्टानेही वाढला होता, आणि पदाधिकारी सभासदांचेच. जर्मनीत क्लबच्या मतांत सभासदांचं बहुमत असावं असा नियम आहे. तरीही हाम्बुर्गसारखा जुना क्लब प्रशिक्षकामागून प्रशिक्षक बदलत २०१८ मध्ये पहिल्यांदाच खालच्या श्रेणीत घसरला. सभासदांच्या हाती सत्ता आली की शहाणपण आपोआप येतं, असं नाही.

मग माझा आग्रह कशासाठी? कारण जर्मनीत चूक करणाऱ्याला सभासद प्रश्न विचारू शकतो, त्याला मतदानाने घरी पाठवू शकतो, आणि काही झालं तरी क्लब हाम्बुर्गमधून उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. आपल्याकडचा चाहता तिकीट काढतो, जर्सी घेतो, आणि त्याला जाब विचारायला एकच माणूस समोर दिसतो, मैदानाच्या कडेला उभा असलेला. म्हणून सगळं वड्याचं तेल त्या वांग्यावर निघतं.

राग वर नेला तर काय होऊ शकतं, हे मोहन बागानच्या चाहत्यांनी दाखवलं आहे. २०२० मध्ये त्यांच्या फुटबॉल विभागात एटीके या कोलकात्यातल्याच सुपर लीग क्लबच्या मालकांचा ८० टक्के वाटा झाला आणि क्लबच्या नावापुढे ‘एटीके’ लागलं. संघ जिंकत होता, पैसा होता, नामांकित खेळाडू होते. तरी चाहते हटले नाहीत. ‘एटीके काढा’ ही मागणी त्यांनी फलकांवर लिहिली, मोर्च्यांत नेली, जिंकलेल्या सामन्यांनंतरही सोडली नाही. मार्च २०२३ मध्ये फातोर्ड्याला अंतिम सामना जिंकल्यावर मालक संजीव गोएंकांनी तिथेच नाव बदलण्याची घोषणा केली. कुणी म्हणेल, नावात काय आहे? ज्या क्लबने १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्या रेजिमेंटला हरवलं, त्याच्या माणसाला विचारा. आणि त्या तीन वर्षांत त्यांचा मुख्य झगडा कोणत्याही प्रशिक्षकाशी नव्हता, हे लक्षात घ्या.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ तालमींच्या नावाने खेळतात आणि पेठेतला माणूस संघावर चिडला तर थेट तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बोलतो. कारण ज्यांनी संघ निवडला ते तिथेच बसलेले असतात, संध्याकाळी त्याच चहाच्या गाडीवर भेटतात. यात गोंधळ आहे, इरेला पेटणं आहे, कधी हाणामारीही आहे. त्याचं मी कौतुक करत नाही. पण ती तालीम कुणी विकत घेऊन दुसऱ्या शहरात नेईल, ही कल्पनासुद्धा तिथे कुणाच्या डोक्यात येत नाही.

पुण्यात मात्र ती खरी झाली. त्याआधी मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००६ मध्ये देशाचा विजेता होता आणि २०१० मध्ये मालकांनी तो बंद केला. पुणे एफसी २०१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि दोन वर्षांत त्याचा वरिष्ठ संघ संपला. मग उरला एफसी पुणे सिटी. पाच हंगामांत सहा परदेशी प्रशिक्षक झाले, फ्रांको कोलंबापासून फिल ब्राउनपर्यंत, आणि आम्ही प्रत्येकाबद्दल वाद घातला. हाबास यांचं वय झालं का, पोपोविच फार तापट आहेत का, मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना आणखी चार सामने द्यायला हवेत का. २०१८ च्या वसंतात पहिल्या चारांत आलो तेव्हा बालेवाडीत वाटलं होतं, आता सुरुवात झाली. मालकांचे हिशोब कुठवर आले आहेत, लीगमधली जागा कुणाच्या नावावर आहे, ती विकली तर आम्हाला कुणी विचारणार आहे का, हे त्या वर्षांत आमच्यापैकी कुणी मोठ्याने विचारलं नाही. २०१९ मध्ये पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. २०२२ मध्ये त्याने लीग जिंकली. २०२५ मध्ये तोही हैदराबादमधून उठून दिल्लीला गेला.